उडालेला कोड परत येतो का?

२०१७ साली व्हीएस कोड या एडिटरबद्दलची एक जाहीर तक्रार प्रोग्रामर मंडळींत बरीच गाजली. तक्रार करणाऱ्याचं तीन महिन्यांचं काम, सुमारे पाच हजार फाइली, एका क्लिकसरशी गेलं होतं. एडिटर त्याला नवा होता. सोर्स कंट्रोलचा भाग उघडल्यावर तिथे हजारो ‘बदल’ दिसले, ते नकोत म्हणून त्याने डिस्कार्ड दाबलं. यादी रिकामी होईल अशी त्याची समजूत होती. रिकामा झाला तो फोल्डर. फाइली रिसायकल बिनमध्येही गेल्या नव्हत्या. पुढे जी चर्चा झाली तिचे सूर ठरलेले होते. तीन महिने बॅकअप नाही म्हणजे चूक त्याचीच, असं काही जण म्हणाले. इशाऱ्याची खिडकी अधिक ठळक हवी, असं बाकीचे. एडिटरने पुढे इशारा ठळक केलाही. मात्र ज्या सॉफ्टवेअरचा जन्मच मागच्या अवस्था जपण्यासाठी झाला, त्याने पाच हजार फाइली पुसण्याआधी त्यांची एक प्रत का ठेवू नये, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

व्हर्जन कंट्रोलची गेली पन्नास वर्षं या प्रश्नाच्या अंगाने पाहिली की एक विसंगती लगेच नजरेत भरते. या सॉफ्टवेअरकडे आपल्या कामाचे दोन भाग असतात. एक नोंदलेला, म्हणजे कमिट केलेला इतिहास. दुसरं टेबलावर पसरलेलं चालू काम, जे अजून कमिट झालेलं नाही. पहिल्या भागाची राखण दरवर्षी कडक होत गेली. दुसऱ्याला कालपरवापर्यंत फारसा कुणी वाली नव्हता. आणि घाईत, रात्री उशिरा, चुकीच्या फोल्डरमध्ये उभं राहून माणूस जे उडवतो ते बहुतेक वेळा या दुसऱ्या भागातलंच असतं.

सुरुवातीच्या काळात इतिहासही तितका सुरक्षित नव्हता. बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ साली एससीसीएस लिहिलं, पुढे पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी आरसीएस तयार केलं. आरसीएसमध्ये मधलीच एखादी आवृत्ती कायमची काढून टाकायची सोय होती आणि त्याच्यावर आधारलेल्या सीव्हीएसमध्येही ती उतरली. डिस्क महाग होती, त्यामुळे जुन्या आवृत्त्या छाटणं हे नीटनेटकेपणाचं लक्षण मानलं जाई. २००४ साली सबव्हर्जनची पहिली पूर्ण आवृत्ती आली तेव्हा वारं उलटं फिरलं होतं. तिथे सर्व्हरवर एकदा चढलेली नोंद पुसायची साधी कमांडच नाही. चुकलं तर हिशेबाच्या वहीत करतात तसं: खाडाखोड नाही, खाली उलट नोंद. चुकीची नोंदही राहते, दुरुस्तीही राहते. नोंद खरोखर पुसण्याची सोय द्या, अशी मागणी सबव्हर्जनकडे वर्षानुवर्षं पडून होती. ज्याला करायचंच त्याला सगळा साठा बाहेर ओतून, गाळून पुन्हा भरावा लागे.

पण याच सबव्हर्जनमध्ये आपल्या मशिनवरचे न नोंदलेले बदल ‘एसव्हीएन रिव्हर्ट’ने टाकून दिले की ते गेलेच. विचारणा नाही, प्रत नाही. सर्व्हरवरचं अर्ध्या ओळीचं कमिट अमर, आणि दिवसभर लिहिलेलं न नोंदलेलं काम बेवारस, असा हा कारभार.

एप्रिल २००५ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतलं. त्याच्या पोटात शिरल्याशिवाय आजचा प्रश्न नीट समजत नाही. गिटमध्ये फाइलचा मजकूर, फोल्डरची रचना आणि कमिट या सगळ्यांची ‘ऑब्जेक्ट’ होतात. प्रत्येकाला त्याच्या आशयावरून काढलेलं चाळीस अक्षरी नाव मिळतं. आशय बदलला की नाव बदललं, म्हणजे ते ऑब्जेक्टच वेगळं. जुन्यावर नवं लिहिलं जातच नाही. ब्रांच म्हणजे काय, तर एका कमिटचं नाव लिहिलेली इवलीशी नोंद. त्यामुळे ‘रिबेस केलं आणि सगळी वाट लागली’, ‘अमेंड मारलं आणि जुनं कमिट गेलं’ असं आपण म्हणतो तेव्हा सहसा काहीच गेलेलं नसतं. चिठ्ठीवरचा पत्ता बदललेला असतो, घर जागच्या जागी असतं.

जुना पत्ता शोधून देण्याचं काम रिफ्लॉग करतो. ब्रांच आणि हेड (आपण सध्या उभे आहोत ती जागा) कुठून कुठे हलले याची ही रोजनिशी. २००७ च्या सुरुवातीला आलेल्या १.५ आवृत्तीपासून ती साध्या रेपोत, म्हणजे प्रकल्पाच्या साठ्यात, आपोआप लिहिली जाते. नोंदी साधारण नव्वद दिवस राहतात. ज्या कमिटपर्यंत आता कुठल्याच ब्रांचवरून पोचता येत नाही, त्यांच्या तीस दिवस. नंतर साफसफाई होते, तीही दोन आठवड्यांपेक्षा जुन्या सुट्या ऑब्जेक्टचीच. कंपनीत कुणी ‘माझं कमिट उडालं’ म्हणत धावत आलं, की जाणती मंडळी शांतपणे रिफ्लॉग उघडतात आणि पाच मिनिटांत कमिट हातात देतात, ते याच्या जिवावर.

रिफ्लॉगचं कौतुक करताना त्याची भोकंही मोजायला हवीत, कारण ती नेमकी अडचणीच्या जागी आहेत. तो फक्त त्या मशिनवर असतो, क्लोन केल्यावर सोबत येत नाही. ब्रांच काढून टाकली की तिचा स्वतःचा रिफ्लॉगही जातो. मग हेडच्या रोजनिशीत चाचपडावं लागतं. सर्व्हरवरच्या बेअर रेपोमध्ये तो मुळात बंदच असतो, मुद्दाम चालू करावा लागतो. म्हणजे जिथे पंचवीस जण एकाच ब्रांचवर अवलंबून आहेत, तिथेच रोजनिशी नाही. स्टॅशची, म्हणजे अर्धवट काम तात्पुरतं बाजूला ठेवण्याच्या सोयीची, गंमत तर आणखी निराळी. स्टॅशचा अख्खा ढीग आतून रिफ्लॉगच्याच रूपात साठवलेला असतो. ‘स्टॅश ड्रॉप’ किंवा ‘स्टॅश क्लिअर’ मारलं की ज्या वहीत शोधायचं तिचंच पान फाटतं. ऑब्जेक्ट डिस्कवर पडून असतं, पण ‘एफएससीके’ चालवून बेवारस ऑब्जेक्टच्या ढिगात आपलं कुठलं हे ओळखत बसावं लागतं.

त्या ढिगात कधीकधी अनपेक्षित घबाडही सापडतं. ‘गिट ॲड’ केल्या क्षणी फाइलचा मजकूर ऑब्जेक्ट म्हणून साठवला जातो, कमिट होवो न होवो. मग ‘रिसेट हार्ड’ने सगळं उडवलं तरी तो मजकूर काही दिवस तिथेच असतो. फाइलचं नाव मात्र गेलेलं असतं. शंभर निनावी तुकडे उघडून आपला ओळखायचा, एवढीच शिक्षा.

ज्यावर ‘ॲड’ही झालेलं नाही, त्याला गिटमध्ये कुणाचाच आधार नाही. ‘रिसेट हार्ड’, एखादी फाइल पूर्ववत करणारं ‘चेकआउट’, आणि ‘क्लीन’ या तीन कमांडी तो मजकूर थेट डिस्कवरून काढतात. यातलं चेकआउट सगळ्यात दगलबाज. त्याला ब्रांचचं नाव दिलं तर ते सांभाळून वागतं. न नोंदलेलं काम पुसलं जाणार असेल तर नकार देतं. फाइलचं नाव दिलं की चकार शब्द न काढता तीच फाइल जुन्या मजकुराने झाकून टाकतं. एकाच कमांडीचे हे दोन स्वभाव ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या २.२३ आवृत्तीने वेगळे केले: ब्रांच बदलायला ‘स्विच’, फाइल पूर्ववत करायला ‘रिस्टोअर’. निदान आपण काय करतोय हे आता नावावरून कळतं. रिस्टोअरने पुसलेलं परत आणायची सोय मात्र तेव्हाही आली नाही.

इग्नोअर यादीतल्या फाइलींची तर गोष्टच नको. ज्यांवर लक्ष ठेवू नकोस असं आपण सांगितलं, त्या गिटच्या लेखी टाकाऊ. ब्रांच बदलताना वाटेत आल्या तर गिट त्यांवर बिनदिक्कत लिहितं. आणि या यादीत बिल्डच्या कचऱ्याबरोबरच मशिनपुरत्या सेटिंगच्या, पासवर्डच्या फाइली असतात, ज्यांची दुसरी प्रत कुठेच नसते.

गिटच्या बचावात नेहमी सांगितलं जातं की धोक्याच्या कमांडींना अडसर आहेत. क्लीन तर फोर्सचा झेंडा (फ्लॅग) दाखवल्याशिवाय हलतही नाही. खरं आहे. पण रोज वापरणाऱ्याची बोटं तो झेंडा कमांडीसकटच टाइप करतात. अडसर आठवड्याभरात सवयीचा भाग होतो. बेन श्नायडरमन यांनी १९८०च्या दशकात मांडलेल्या इंटरफेसच्या आठ नियमांत कृती सहज मागे घेता यावी हा एक नियम आहेच. एझा रॅस्किन यांनी २००७ मध्ये आणखी रोखठोक लिहिलं की जिथे अनडू हवं तिथे इशारा देऊ नका. सवयीने ‘हो’ म्हणून झाल्यावर माणसाला चूक कळते, आणि तेव्हा इशारा संपलेला असतो. मला हे म्हणणं पूर्ण पटतं. ‘खात्री आहे का?’ हा प्रश्न वापरणाऱ्यासाठी कमी आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या बचावासाठी जास्त असतो.

पुसलेलं मागे घेण्याची सोय करणं अवघड आहे, असंही नाही. गिटच्या आसपासच जन्मलेल्या इतर साधनांनी ते केलेलं आहे. मर्क्युरिअल हे गिटचं जुळं भावंडच, तेही २००५ च्या एप्रिलमधलं. त्याचं ‘रिव्हर्ट’ फाइल पूर्ववत करताना बदललेली प्रत शेजारी ‘ओरिग’ शेपटी लावून ठेवतं. फोल्डरभर शेपट्या साचतात, लोक वैतागतात, पण मजकूर असतो. कमिट कापून काढणारी ‘स्ट्रिप’ कमांडही कापलेलं आधी एका गाठोड्यात बांधून बाजूला ठेवते. डेव्हिड राउंडी यांच्या डार्क्समध्ये ‘रिव्हर्ट’च्या जोडीला ‘अनरिव्हर्ट’ आहे. एसक्यूलाइटचे कर्ते रिचर्ड हिप यांच्या फॉसिलमध्ये सरळ ‘अनडू’ आणि ‘रीडू’ याच कमांडी आहेत. अपडेट, मर्ज, रिव्हर्ट, इतकंच काय, स्टॅश ड्रॉप आणि क्लीनसुद्धा त्यांच्या कक्षेत येतात. क्लीन करताना दहा मेगाबाइटपर्यंतच्या फाइली फॉसिल अनडूसाठी जपून ठेवतं. प्रचंड फाइलींचं ओझं नको, पण माणसाने हाताने लिहिलेलं काही सुटायला नको, असा हा व्यवहारी तोडगा.

या साऱ्यांचा अनडू एकाच पायरीचा होता, ही त्यांची मर्यादा. मर्क्युरिअलचं ‘रोलबॅक’ तर एका पायरीचं असूनही घातक निघालं. शेवटचा व्यवहार मागे घ्यायचा, पण मधल्या काळात दुसऱ्या कुणी तुमच्याकडून तो ओढून घेतला असेल तर? आणि रोलबॅक स्वतः मागे घेता येत नसे. अनडू करायच्या कमांडीनेच काम उडवायला सुरुवात केल्यावर तिचा वापर टाळा, असं मर्क्युरिअलवाल्यांनाच सांगावं लागलं. याच मर्क्युरिअलने २०१२ मध्ये ‘फेज’ आणले. बाहेर गेलेलं कमिट सार्वजनिक, ते बदलता येत नाही. घरातलं कमिट कच्चं, त्याचं हवं ते करा. कुठलं पाऊल मागे घेता येईल हे ते पाऊल कुणापर्यंत पोचलंय यावर ठरतं, ही गोष्ट सॉफ्टवेअरच्या नियमात बसवणं हे माझ्या मते मर्क्युरिअलचं सर्वांत दूरदृष्टीचं काम. गिटने ती आजवर वापरणाऱ्याच्या शहाणपणावर सोडली आहे.

पुढची मोठी उडी जुजुत्सूची. मार्टिन फॉन झ्वाइगबर्क यांनी २०१९ च्या अखेरीस हौस म्हणून सुरू केलेलं आणि पुढे गुगलमध्ये वाढलेलं हे साधन गिटच्याच साठ्यावर चालतं. बाकीची टीम गिट वापरत असली तरी एकट्याला जुजुत्सू वापरता येतं. त्यात दोन निर्णय एकमेकांत गुंफले आहेत. पहिला, चालू काम नावाची वेगळी बेवारस अवस्थाच नाही. जुजुत्सूची कुठलीही कमांड चालली की ती आधी फोल्डरचं चित्र टिपून कमिटात घालते. ‘ॲड’ची भानगडच नाही. दुसरा निर्णय ऑपरेशन लॉगचा. गिटचा रिफ्लॉग एकेका ब्रांचची हालचाल सुटीसुटी लिहितो. इथे प्रत्येक कमांडीनंतर अख्ख्या रेपोची अवस्था, सगळ्या ब्रांच आणि चालू फोल्डरसकट, एकच नोंद म्हणून साठते. रिबेसने सात ब्रांच हलवल्या असतील तर त्या सातही एका ‘अनडू’ने जागेवर येतात. आणखी मागे जायचं तर लॉगमधली हवी ती नोंद निवडून रेपो तिथे नेता येतो. तेही एक ऑपरेशनच असल्याने तेही मागे घेता येतं.

मेटा कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये खुलं केलेलं सॅपलिंग मर्क्युरिअलच्या वंशातलं. त्यातही अनडू आहे आणि कुठवर मागे जायचं ते पडद्यावर पाहत ठरवता येतं. गिट न सोडता असं काही हवं असेल त्यांच्यासाठी गिट-ब्रांचलेस हे जोडसाधन ‘गिट अनडू’ देतं. पण ते गिटच्याच घटना टिपून चालतं, त्यामुळे गिटने कधी साठवलंच नाही ते त्यालाही आणता येत नाही.

जुजुत्सूचे भक्त सांगतात तेवढं सगळं मात्र खरं नाही. चित्र टिपलं जातं ते कमांड चालल्यावर. दोन कमांडींच्या मधल्या दोन तासांत तुम्ही लिहून पुसलेलं त्याला माहीतच नसतं, स्वतंत्र पहारेकरी प्रोग्राम जोडला तर गोष्ट वेगळी. नव्या फाइली एक मेगाबाइटपेक्षा मोठ्या असल्या तर त्या आपोआप घेतल्या जात नाहीत. इग्नोअर यादीतल्या इथेही अनाथच. या फटींसाठी अजून एडिटरचाच आधार घ्यावा लागतो. जेटब्रेन्सच्या एडिटरांत लोकल हिस्टरी फार जुनी आहे आणि व्हीएस कोडमध्ये ती मार्च २०२२ मध्ये आली. फाइल सेव्ह केली की एक प्रत बाजूला, व्हर्जन कंट्रोलला न विचारता. अनेकांचं काम आजवर या अनाकर्षक सोयीने वाचवलं आहे.

एकदा काम घराबाहेर पडलं की खेळ बदलतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये जेनकिन्स प्रकल्पाच्या पावणेदोनशेहून अधिक रेपोंवर एका सहकाऱ्याकडून नकळत फोर्स पुश (सर्व्हरवरची ब्रांच जबरीने बदलणं) झाला आणि त्या साऱ्या ब्रांच जुन्या अवस्थेला गेल्या. गिटहबच्या मदतीने आणि लोकांच्या मशिनवरच्या प्रतींतून गाडी रुळावर आली. योगायोग असा की त्याच महिन्यात गिटच्या १.८.५ आवृत्तीत ‘फोर्स विथ लीज’ आलं: सर्व्हरवरची ब्रांच मी शेवटची पाहिली तिथेच असेल तरच लिही. पुढच्या वर्षी २.० आवृत्तीने नुसत्या ‘पुश’ने सगळ्या जुळत्या ब्रांच ढकलण्याची जुनी खोडही काढली. लीजलाही फट होती. एडिटर मागच्या मागे फेच करत राहिला की ‘मी पाहिली’ ही अट न पाहताच पूर्ण होते. ती फट २०२० च्या डिसेंबरात आणखी एका झेंड्याने बुजवली. हे तीन झेंडे लक्षात ठेवण्यापेक्षा मुख्य ब्रांचवर फोर्स पुश बंदच ठेवणं सोपं, आणि बहुतेक कंपन्या आज तेच करतात.

इथे प्रतींच्या भरवशावर राहणाऱ्यांसाठी केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा किस्सा. मार्च २०१३ मध्ये त्यांच्या गिट सर्व्हरच्या फाइल सिस्टिममध्ये बिघाड झाला. जगभरचे मिरर सर्व्हर इमानदारीने आपापली प्रत मूळ सर्व्हरशी जुळवत राहिले, म्हणजे बिघाडही उतरवून घेत राहिले. सुमारे दीड हजार रेपो जायच्या बेतात होते. एका सर्व्हरवर प्रत शाबूत निघाली म्हणून ते वाचले. मूळ पुसलं की आपोआप पुसली जाणारी प्रत अनडूच्या कामाची नसते.

आणि मग उलट्या टोकाची गरज येते. काही गोष्टी परत येता कामा नयेत. कुणी चुकून क्लाउडची गुप्त किल्ली कमिट करतं, पुश होते, दहा मिनिटांत लक्षात येतं, फोर्स पुशने कमिट काढलं जातं. सर्व्हरवर ते ऑब्जेक्ट पडूनच राहू शकतं, आणि चाळीस अक्षरी नाव माहीत असलेल्याला दिसू शकतं. फोर्क झाले असतील तर तिथेही. इतिहास धुऊन काढायला ‘फिल्टर-रेपो’सारखी साधनं आहेत, पण ती सगळ्यांच्या क्लोनमधून काही काढू शकत नाहीत. म्हणून पहिला उपाय किल्ली रद्द करणं हाच. व्यक्तिगत माहितीचं काय, हा त्याहून चिवट प्रश्न. किल्ली बदलता येते, एखाद्याचं नाव-पत्ता बदलता येत नाही. युरोपात २०१८ पासून आणि आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती पुसून घेण्याचा हक्क आला आहे. पुसणं अशक्य करणं हेच ज्याचं भूषण, त्या व्यवस्थेशी या हक्काची गाठ पडायचीच. फॉसिलमध्ये ‘शन’ म्हणजे अमुक ऑब्जेक्ट वाळीत टाकण्याची सोय आहे, परफोर्स या व्हर्जन कंट्रोल साधनात ‘ऑब्लिटरेट’ फक्त व्यवस्थापकाच्या हाती असते आणि ठाम ‘हो’चा झेंडा मिळेपर्यंत काय पुसलं जाईल एवढंच दाखवते. मागे घेता येणारं पुसणं आणि खरोखरचं पुसणं या दोन वेगळ्या कमांडी, वेगळ्या हातांत. मला ही विभागणी योग्य वाटते, आणि जुजुत्सूसारख्या साधनांना तिची गरज अधिक आहे. जे साधन न विचारता सगळं टिपतं ते इग्नोअर करायला विसरलेली पासवर्डची फाइलही टिपतं, आणि ऑपरेशन लॉगमध्ये तिची जुनी प्रत राहते.

गिटच्या बाबतीत माझं मागणं छोटं आहे. रिसेट हार्ड, रिस्टोअर आणि क्लीन यांनी पुसण्याआधी ते काम ऑब्जेक्ट करून एका वेगळ्या रोजनिशीत तीस दिवस ठेवावं, फॉसिलसारखी आकाराची मर्यादा घालून. यंत्रणा सगळी गिटच्या घरातच आहे. ‘ॲड’ रोज तेच करतं. अडचणी आहेत. लाखो फाइलींच्या रेपोत क्लीन मंदावेल, आणि या कमांडींवर उभ्या असलेल्या हजारो स्क्रिप्टांना नको असलेला भार पडेल. सेटिंग म्हणून सोय दिली तर ती ज्याला चालू करायची अक्कल आहे त्याला बहुधा तिची गरज नसते, आणि ज्याला गरज आहे त्याला ती सापडत नाही. त्यामुळे ती मुळातच चालू असायला हवी, स्क्रिप्टवाल्यांनी बंद करावी.

हा वाद आता वेगळ्याच दिशेने तापतो आहे. टर्मिनलमध्ये ‘रिसेट हार्ड’ मारणारा आता दरवेळी माणूसच असेल असं नाही. कोड लिहून देणारे एआय मदतनीस या कमांडी स्वतः चालवतात, आणि इशाऱ्याच्या खिडकीला तेही निमूट ‘हो’ म्हणतात. या साधनांपैकी काहींनी आपापले चेकपॉइंट ठेवायला सुरुवात केली आहे, गिटच्या बाहेर, आपापल्या पद्धतीने. मदतनीसाने स्वतः केलेली एडिट त्यातून मागे घेता येते. त्याने शेलमधून पुसलेली फाइल बऱ्याचदा येत नाही. म्हणजे एकाच फोल्डरवर आज गिटचा इतिहास, एडिटरची लोकल हिस्टरी आणि मदतनीसाचे चेकपॉइंट असे तीन पहारे आहेत, आणि तिघांपैकी कुणालाही दुसऱ्याने काय सोडलं ते माहीत नाही.